कशाचाच नाद नसलेला माणूस

कुणी चहाचा ग्लास पुढे केला की ते त्यावर आडवा तळहात धरायचे. ग्लासाला हात लावायचा नाही, तोंडाने लगेच नाहीही म्हणायचं नाही. वाफ तळहाताला लागली की मग म्हणायचे, "आपल्याला कशाचा नाद न्हाई." त्यात फुशारकी नसे. आपली उंची किती हे कुणी विचारल्यावर सांगावं, तसं सांगायचे.

चाकणच्या एमआयडीसीत गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी सिस्टर आहे. गेटपासून तिसऱ्या शेडच्या कोपऱ्यात प्रथमोपचाराची खोली आहे, तिला सगळे दवाखाना म्हणतात. कापलेली बोटं, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, उन्हाळ्यात चक्कर आलेली माणसं, हे माझं काम. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. बाकीचे दिवस मी, एक खाट आणि रक्तदाब मोजायचं यंत्र.

त्यांचं नाव मी सांगत नाही. घरची माणसं अजून याच भागात राहतात. कंपनीत सगळे त्यांना मामा म्हणत. ते माझ्यापेक्षा वर्षभराने लहानच, पन्नाशीच्या जरा अलीकडे, तरी मीही मामाच म्हणायचे. मूळचे हिंगोलीकडचे. गिअर तापवून कडक करायच्या भट्टीवर कंत्राटी कामगार. अकरा वर्षं भट्टी एकच, पण कंत्राटदार बदलला की कागदावर हा माणूस पुन्हा नवा. माणूस तोच, गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी तेवढी वेगळ्या रंगाची.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. त्याला पाहिलं की आपल्यालाच आपली लाज वाटते. बाकीची पोरं मोटरसायकलवरून यायची, मामा म्हाळुंग्याच्या खोलीवरून सायकलवर. भट्टीवरची माणसं गालात तंबाखू धरून उकाडा काढतात, मामांच्या गालात लवंगसुद्धा नाही. शिफ्टच्या सुरुवातीला कंपनीने पाच मिनिटांचा व्यायाम सुरू केला, तेव्हा इतरांचे हात खांद्यापर्यंत जाऊन परत यायचे आणि मामांचे थेट आभाळात. सुपरवायझरने शेवटी त्यांनाच पुढे उभं केलं. मग साठ-सत्तर माणसं त्यांच्याकडे बघून वाकायची. इंजिनिअर मुलंही वाकायची, आणि पोट आडवं आल्यामुळे अर्ध्यातूनच उठायची.

मला ते दवाखान्यातली सिस्टर मानतच नसत, पेशंट मानत. एकदा वजनाच्या काट्यावर उभे राहिले. काटा त्रेपन्नवर थांबला. त्यांनी तो नीट पाहून घेतला, खाली उतरले आणि म्हणाले, "सिस्टर, आता तुमी चढा." मी चढले नाही. दुसऱ्या दिवसापासून डब्याच्या सुट्टीत ते दवाखान्यासमोरून जाताना दोन बोटं हलवून दाखवायचे, म्हणजे जेवून दोनशे पावलं चाला. मी चालायला लागले. ती दोनशे पावलं कशी पडतात ते पाहायला ते स्वतः पाण्याच्या टाकीजवळ उभे असायचे.

त्यांच्या डब्यात भाकरी, कांदा आणि मोड आलेली मटकी असे. मटकी ओल्या फडक्यात बांधलेली. आठवड्यातून एकदा माझ्यासाठी वेगळी पुरचुंडी यायची. घरी गेल्यावर मी ती दिघीच्या आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजमध्ये ठेवायचे आणि बऱ्याचदा विसरायचे. हे त्यांना कधी कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत आरोग्य सप्ताह झाला. एक फॉर्म भरून घ्यायचा होता. त्यात चार प्रश्न होते: तंबाखू, दारू, व्यायाम, जेवणात भाज्या. मामांना चारही प्रश्नांत पैकीच्या पैकी. अख्ख्या कंपनीत असा दुसरा माणूस निघाला नाही. एचआरमधली मुलगी खूश झाली. तिने त्यांचा फोटो काढायचा ठरवला. मामांनी नळाच्या पाण्याने केस बसवले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि श्वास रोखून उभे राहिले. फोटो कँटीनसमोरच्या बोर्डावर लागला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आरोग्य आपल्याच हातात'. ही ओळ मीच सुचवली होती.

त्याच आठवड्यात गेटजवळ तपासणीची गाडी उभी होती. रक्त, हृदयाचा आलेख, सगळं त्या गाडीत. ती कायम कामगारांसाठी होती. कंत्राटी लोकांना वजन, उंची आणि तो चार प्रश्नांचा फॉर्म. गाडीच्या दारात यादी घेऊन मीच उभी होते. मामा दोनदा समोरून गेले. यादीत आपलं नाव नसणार हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून मलाही काही वाटलं नाही.

आता वाटतं, त्या फॉर्मवर पाचवा प्रश्न असता तर. घरात किती तास झोपता, असा. मामा पत्र्याच्या एका खोलीत राहायचे, बायको आणि दोन मुलींसह. रात्रपाळी करून आले की दिवसा पत्रा तापलेला, शेजारी टीव्ही, दारात नळावर भांडणं. महिन्यातले निम्मे दिवस दोन शिफ्ट सलग. भट्टीसमोर सोळा तास, मग सायकल. हे सगळं मला माहीत होतं, पण ते 'सवयी'त येत नव्हतं. सवय म्हणजे माणूस स्वतःहून करतो ती. बाकीचं त्याचं नशीब, अशी माझी तेव्हाची समजूत.

सप्ताहानंतर महिन्याभरात कंत्राटदार बदलला. नव्या कंत्राटदाराला सगळ्यांचे फिटनेसचे फॉर्म नव्याने हवे होते. दोन दिवस दवाखान्यासमोर रांग. मी नाडी आणि रक्तदाब लिहायचा, डॉक्टरांनी येऊन गठ्ठ्यावर सह्या करायच्या.

मामा स्टुलावर बसले. बाही वर केली. यंत्रावर आकडा आला, एकशे बहात्तर आणि एकशे दहा.

मी त्यांना पाणी दिलं, दहा मिनिटं बसवलं, पुन्हा मोजला. जेमतेम दोनचा फरक. कपाटातलं जुनं पाऱ्याचं यंत्र काढलं. तेही तेच म्हणालं. डोकं दुखतं का, विचारलं. ते म्हणाले, रात्रपाळीनंतर दुखतं, ते सगळ्यांचंच दुखतं. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "हे लिवलं तर काय व्हतंय?"

मी खरं ते सांगितलं. डॉक्टर भट्टीवर पाठवणार नाहीत. दुसरं काम द्यायचं की घरी बसवायचं ते कंत्राटदार ठरवेल.

दोघांनाही माहीत होतं कंत्राटदार काय ठरवेल. गेटबाहेर रोज सकाळी विशीतली पोरं कागदपत्रांची पिशवी घेऊन उभी असतात.

मामा बराच वेळ बाही खाली करत राहिले. मग हळूच म्हणाले, "काहीतरी बरुबर लिवा सिस्टर. आठ दिवसांत उतरवून दाखवतो."

मी एकशे तीस आणि चौऱ्याऐंशी लिहिलं.

खरं तेच सांगायचं ठरवलंय, तर हेही सांगते. मला त्यांची दया आली, हे खरं. पण पेन उचलताना कँटीनसमोरचा तो फोटोही माझ्या डोळ्यांसमोर आला. सगळ्या कंपनीत निरोगी म्हणून ज्याला आपण टांगला, तोच अनफिट निघाला तर लोक काय म्हणतील, एचआरची मुलगी काय म्हणेल, असा विचार माझ्या मनात आला. क्षणभरच आला. पण आला.

मी त्यांना बजावलं की विम्याच्या दवाखान्यात जा, गोळी सुरू करा. त्यांचा विम्याचा हप्ता पगारातून कापला जात होता. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तो दवाखाना बंद, म्हणून त्यांनी एक खाडा केला, पिंपरीला गेले, सकाळपासून रांगेत उभे राहिले. खिडकीवर सांगितलं की कार्ड बंद दाखवतंय. जुन्या कंत्राटदाराने नाव काढलेलं, नव्याने अजून घातलेलं नाही. महिन्याने या.

हे सांगताना ते रागावलेले नव्हते. उलट सुटल्यासारखे दिसत होते. म्हणाले, एकदा गोळी लागली की जन्माची लागते, म्हणजे तो पण एक नादच की. त्यापेक्षा मीठ सोडतो. आणि त्यांनी सोडलंच. कमी नाही, सोडलं. भट्टीवरची माणसं त्यांच्या डब्यातला घास चाखून तोंड वाकडं करायची. सायकल आता लांबच्या रस्त्याने यायला लागली, व्यायाम वाढावा म्हणून.

मी म्हणाले होते, कार्डाचं मी कंत्राटदाराच्या माणसाशी बोलते. एकदा बोलले. तो हो म्हणाला. पुन्हा बोलायचं राहून गेलं, कारण त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याला छातीत दुखायला लागलं.

माझा नवरा एका मोठ्या कंपनीतून कायम कामगार म्हणून निवृत्त झाला. तंबाखू मळल्याशिवाय त्याची सकाळ होत नाही. वडापावशिवाय रविवार होत नाही. साखरेचा त्रास सात-आठ वर्षांचा. पण कंपनी दरवर्षी तपासणी करायची, तिथे सगळं वेळेवर कळलं, गोळ्या सुरू होत्या, विमा होता. दुखायला लागल्यावर अर्ध्या तासात आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. दोन स्टेंट टाकल्या. चौथ्या दिवशी तो घरी येऊन टीव्ही बघत होता. मी तीन आठवडे रजेवर होते, भरपगारी.

कामावर परतले त्या दिवशी मामा दवाखान्यात आले. हातात मटकीची मोठी पुरचुंडी, या वेळी साहेबांसाठी. आमच्या ह्यांना ते साहेब म्हणत, कधी पाहिलं नव्हतं तरी. कसे आहेत, चालतात का, जेवण जातं का, सगळं विचारलं. आणि मग विचारलं, "साहेबांना कशाचा नाद व्हता का?"

मी म्हणाले, तंबाखू. पहिल्यापासून.

मामांचा चेहरा उजळला. कसा सांगू तुम्हाला. परीक्षेचा निकाल लागल्यावर मुलांचा उजळतो तसा. मान हलवत म्हणाले, "तरीच. मग आपल्याला भ्या न्हाई."

त्या क्षणी यंत्र टेबलावरच होतं. हात पुढे करा म्हणायला एक सेकंद लागला असता. मामा, ते तसं नसतं, असं म्हणायला आणखी एक. दुकानातून गोळीची एक पट्टी आणून त्यांच्या हातात ठेवायला माझं काही जाणार नव्हतं. मी मटकी पिशवीत ठेवली आणि बरं म्हणाले. माझा नवरा वाचला होता, मला त्या दिवशी कुणाचंच वाईट ऐकायचं नव्हतं आणि कुणाला वाईट सांगायचंही नव्हतं. शिवाय मी मोजला असता, तर आकडा खाली आलेला नसता. मग मला त्याचं काहीतरी करावं लागलं असतं.

त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी एका सकाळी ते पहिल्या शिफ्टला आले नाहीत. व्यायामाला पुढे कुणीच नव्हतं, म्हणून लोक नुसतेच उभे राहिले. साडेआठला भट्टीवरच्या एकाला फोन आला. खोलीबाहेर नळावर बादली लावून उभे होते, बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करेनात. शेजारणीने हाक मारली तेव्हा वळले, आणि वळता वळता पडले. जवळच्या लहान दवाखान्याने मोठ्या ठिकाणी न्या म्हणून सांगितलं. रिक्षा चाकणच्या चौकात ट्रकांच्या मागे अडकली. सरकारी रुग्णालयात पोचेपर्यंत उजवी बाजू गेलेली होती. मेंदूत रक्तस्राव. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

कंपनीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ज्याला कशाचा नाद नाही तो असा जातो, तर आपण तंबाखू काय म्हणून सोडायची, असं म्हणत भट्टीवरच्या पोरांनी पुड्या फोडल्या. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला माहीत होतं, आणि ते उत्तर फक्त मलाच माहीत होतं. एचआरच्या मुलीने बोर्डावरचा फोटो काढला. रडत होती ती, वाईट नव्हती.

आठवड्याने कंत्राटदाराचा माणूस दवाखान्यात डोकावला. कुणीतरी मामांच्या घरच्यांना काही मिळतं का, असं विचारत आलं होतं म्हणे. त्याने त्यांना फॉर्म दाखवला. रक्तदाब नॉर्मल, माणूस कामाला फिट, आजारी माणसाला भट्टीवर ठेवलं असं म्हणायला जागाच नाही. मला म्हणाला, "बरं झालं सिस्टर, तुमचा कागद होता."

त्या रविवारी मी म्हाळुंग्याला गेले. नवऱ्याला सांगितलं नाही. खोली शोधायला त्रास झाला नाही, सगळ्या चाळीला ते माहीत होते. त्यांची बायको एका मेसमध्ये चपात्या लाटते, नुकतीच येऊन बसली होती. मोठ्या मुलीने पाणी दिलं. भिंतीला टेकून सायकल होती, आणि ती आत घेतल्यामुळे चौथ्या माणसाला बसायला जागा उरत नव्हती. मी दारातच बसले.

वहिनी बराच वेळ त्यांच्याबद्दल बोलत राहिल्या. मुलींना ते पहाटे उठवून पळायला न्यायचे. दिवाळीतसुद्धा चिवड्याची एकच मूठ खायचे. गावी कुणी आजारी पडलं की फोनवरून सल्ला द्यायचे. मग त्यांनी विचारलं, सिस्टर, तुम्ही दवाखान्यातल्या, तुम्हाला कळत असेल. असं कसं झालं?

येताना मी काय बोलायचं ते ठरवून आले होते. त्यातलं काही आठवेना. एवढंच म्हणाले, वहिनी, त्यांचा रक्तदाब फार होता. मला कळला होता. मी कागदावर खोटा लिहिला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागाची मी वाट बघत होते, खरं सांगायचं तर मला तो हवा होता.

"ठाऊक हाय आमाला," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं व्हतं ह्यांनी. म्हणले, सिस्टरनं आज माझं काम राखलं. देवमाणूस हाय म्हणले."

मग त्यांनी मुलीला चहा ठेवायला सांगितला. मी तो प्यायले. काय करणार होते दुसरं?

बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो मामांवर आला. माझ्यावर विश्वास ठेवायला यांना कुणी सांगितलं होतं? पुष्कळ दिवस तो राग मी धरून ठेवला. तो धरला की बाकीचं जरा दूर राहायचं.

मागच्या वर्षी पुन्हा कंत्राटदार बदलला. पुन्हा फॉर्म, पुन्हा रांग. भट्टीवरचाच एक जण, बीडकडचा, चाळिशीही न गाठलेला, गालात तंबाखू, स्टुलावर बसला. आकडा मामांच्या जवळपासचा. तीनदा मोजला. तोही म्हणाला, सिस्टर, जाऊ द्या, नॉर्मल लिहा, घरी तीन लेकरं आहेत.

मी होता तो आकडा लिहिला.

दुसऱ्या दिवशी त्याला गेटवर अडवलं. भट्टीवरची जागा त्याच दिवशी भरली गेली. मी कंत्राटदाराच्या माणसाला रोज फोन केले, तो उचलेना तेव्हा त्याच्या टेबलासमोर जाऊन बसले. एचआरच्या मुलीला सगळं सांगितलं, मामांचंही सांगितलं. ती उठली आणि माझ्याबरोबर मॅनेजरकडे आली. मी रजा टाकून त्या माणसाला विम्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिसऱ्या खेपेला त्याचं कार्ड सुरू झालं, गोळी मिळाली. तीन आठवडे तो बिनपगारी घरी होता. नंतर घेतला, पण पॅकिंगला. तिथे ओव्हरटाइम नाही. धाकट्या मुलाला त्याने इंग्रजी शाळेतून काढून गावी आजीकडे ठेवलं, असं कानावर आलं. सिस्टरने माझ्या पोटावर पाय दिला, असं तो सगळ्यांना सांगतो. त्याचं खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो दवाखान्यात येतो. मला नमस्कार करत नाही. स्टुलावर बसतो, बाही वर करतो आणि पट्टा आवळत असताना खिडकीतून बाहेर उभ्या ट्रककडे बघत राहतो. मी आकडा मोठ्याने वाचते. तो ऐकतो, बाही खाली करतो आणि उठून कामाला जातो.